रुआ दिरैता : जुन्या गोव्यातील एका गल्लीचा इतिहास

प्रास्ताविक

जुने गोवे पाहण्यास आलेला प्रवासी मांडवीच्या धक्क्यावर उतरला, की त्याच्या समोर व्हाइसरॉयची कमान येते. कमानीखालून एक रस्ता चढणीने चर्चच्या चौकाकडे जातो. दोन्ही बाजूंना झाडे आहेत, हिरवळ आहे. घरे मात्र जवळजवळ नाहीत. सोळाव्या-सतराव्या शतकात हाच रस्ता पोर्तुगिजांच्या संपूर्ण पूर्वेकडील साम्राज्यातील सर्वांत गजबजलेली पेठ होता. त्याचे नाव ‘रुआ दिरैता’.

गोव्यातील कम्युनिटी कॉलेजांत शिकणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांचा पर्यटन, हॉटेल व वाहतूक या व्यवसायांशी संबंध येतो. त्यांपैकी कोणी मार्गदर्शक होतो, कोणी टॅक्सी चालवतो आणि परक्या पाहुण्याला हा रस्ता दाखवतो. त्या वेळी तो जी कहाणी सांगतो ती बहुधा १५१० पासून सुरू होते. त्याआधी येथे काय होते, ते कोठे गेले आणि त्यातले काय उरले, हे प्रश्न बाजूला राहतात. पेडणे-डिचोली भागातील विद्यार्थ्यांना तर हा इतिहास आपल्या तालुक्याबाहेरचा वाटतो. प्रस्तुत लेखात या एका रस्त्याच्या आधारे या प्रश्नांचा विचार केला आहे.

आरंभी नावांविषयी एक खुलासा आवश्यक आहे. ‘गोवा वेल्हा’ आणि ‘वेल्हा गोवा’ ही दोन वेगळी स्थळे आहेत. गोवा वेल्हा हे जुवारी नदीच्या बाजूचे गाव असून कदंबांचे गोपकपट्टण बंदर त्या परिसरात होते. वेल्हा गोवा म्हणजे मांडवीच्या काठचे जुने गोवे. येथे विचार दुसऱ्याचा आहे.

नावाचा अर्थ

‘रुआ’ म्हणजे रस्ता आणि ‘दिरैता’ म्हणजे सरळ. तथापि हा रस्ता भूमितीच्या अर्थाने सरळ होता म्हणून त्यास हे नाव पडले असे नव्हे. पोर्तुगालमधील बहुतेक जुन्या गावांत एक रुआ दिरैता असते. वेशीपासून मुख्य चौकाकडे किंवा मुख्य चर्चकडे थेट नेणारा रस्ता, असा त्या नावाचा आशय आहे. गोव्याचा रस्ताही नदीकाठच्या वेशीपासून राजवाड्याजवळून शहराच्या मध्यभागी, मिझेरिकॉर्दिया या धर्मादाय संस्थेच्या चर्चपर्यंत जात असे. पोर्तुगीज माणूस जेथे गेला तेथे त्याने आपल्या गावची रचना आणि आपल्या गावची नावे नेली, याचे हे उदाहरण होय. गोव्याला ‘पूर्वेकडील लिस्बन’ म्हणत. ज्याने गोवे पाहिले त्याने लिस्बन पाहिले नाही तरी चालेल, अशी म्हणही रूढ झाली होती.

लिस्बनशी ही तुलना आणखी एका कारणाने महत्त्वाची आहे. लिस्बन शहर ११४७ मध्ये मुस्लिम सत्तेकडून जिंकून घेण्यात आले. त्यानंतर तेथील मुस्लिमांना किल्ल्याच्या टेकडीच्या पायथ्याशी, तटाबाहेर राहण्यास जागा मिळाली. तो मोहल्ला ‘मोरारिया’, म्हणजे मूर लोकांची वस्ती, या नावाने ओळखला जातो. डिसेंबर १४९६ मध्ये राजा मानुएल याने ज्यू व मुस्लिम प्रजेने धर्म बदलावा किंवा राज्य सोडावे असा हुकूम काढला. मोरारियातील मशिदी गेल्या, माणसे गेली. अरुंद गल्ल्या आणि नाव राहिले. गोवे जिंकले गेले ते याच राजाच्या कारकिर्दीत. त्यामुळे जुन्या गोव्यात जे घडले त्याचा नमुना चौदा वर्षांपूर्वी राजधानीतच तयार झालेला होता.

रस्त्याच्या आधीचे शहर

कोकण किनाऱ्यावर मुस्लिम व्यापाऱ्यांचा वावर पोर्तुगिजांपूर्वी कित्येक शतके होता. अकराव्या शतकात कदंब राजा जयकेशी पहिला याच्या पदरी मुस्लिम अधिकारी होता आणि मशिदीच्या खर्चासाठी बंदरावरील कराची तरतूद करण्यात आली होती, हे ताम्रपटावरून कळते. चौदाव्या शतकात इब्न बतूता याने या बंदराचा उल्लेख ‘संदाबूर’ या नावाने केला आहे.

पुढे जुवारीवरील बंदराचे महत्त्व कमी झाले आणि व्यापार मांडवीच्या काठी, एळा या ठिकाणी सरकला. बहमनी वजीर महमूद गवान याने १४७२ मध्ये गोवे घेतले. बिदरचा प्रसिद्ध मदरसा उभारणारा तो हाच महमूद गवान. बहमनी सत्ता मोडल्यावर गोवे विजापूरच्या यूसुफ आदिलशहाकडे आले. होर्मुझ व अरबस्तानातून येणारे घोडे येथे उतरत आणि दख्खनच्या राज्यांना विकले जात. होन्नावर-भटकळ भागातून स्थलांतर करून आलेल्या मुस्लिम व्यापाऱ्यांनीही या शहराच्या वाढीस हातभार लावला. तटबंदी, खंदक, नदीकाठचा वाडा व मशिदी असलेले हे शहर पोर्तुगिजांना आयते मिळाले. रुआ दिरैता उजाड जमिनीवर आखली गेली नाही. आदिलशाही शहराच्या अंगावरच ती रुजली.

या काळाची एक खूण रस्त्याच्या कडेला अद्याप उभी आहे. सेंट कॅजेटन चर्चच्या आवारात काळ्या दगडाचे एक द्वार आहे. ते आदिलशहाच्या वाड्याचे द्वार म्हणून ओळखले जाते. त्याचे खांब व तुळई स्थानिक मंदिरवास्तूच्या वळणाची आहेत. मुस्लिम सुलतानाच्या वाड्याचे दार, हिंदू कारागिरीचे दगड आणि शेजारी ख्रिस्ती चर्च असे हे दृश्य आहे. मात्र त्याकडे पाहून सर्व काही सलोख्याने घडले असा निष्कर्ष काढणे बरोबर होणार नाही.

१५१० : दोन चढाया

अफोन्सो द आल्बुकेर्क याने फेब्रुवारी १५१० मध्ये गोवे घेतले. मे महिन्यात विजापूरच्या फौजेने ते परत मिळवले. त्याच वर्षी यूसुफ आदिलशहा मरण पावला व अल्पवयीन इस्माईल गादीवर आला. ही संधी साधून २५ नोव्हेंबर १५१० रोजी आल्बुकेर्कने शहर पुन्हा जिंकले. त्या दिवशी संत कॅथरीनचा सण होता. म्हणून ती शहराची पालक संत ठरली आणि तिच्या नावाचे चॅपल बांधण्यात आले. होन्नावरकडील हिंदू नायक तिमोजा याचे साहाय्य आल्बुकेर्कला या मोहिमेत मिळाले होते.

विजयानंतर शहरातील मुस्लिमांची कत्तल झाली. यास कोणा शत्रूचा आरोप म्हणून दुर्लक्षिता येत नाही, कारण आल्बुकेर्कने स्वतःच २२ डिसेंबर १५१० रोजी राजा मानुएल यास पाठवलेल्या पत्रात तिची हकीकत दिली आहे. कत्तल चार दिवस चालली, मशिदींत लोक कोंडून त्या जाळण्यात आल्या आणि सुमारे सहा हजार माणसे मारली गेली, असे तो लिहितो. शेतकरी व ब्राह्मण यांना मात्र वाचवावे असे आपण सांगितल्याचेही तो नमूद करतो. आकडा त्याने दिलेला आहे व विजेत्याचे आकडे फुगवलेले असू शकतात. पण कत्तल लपवण्याऐवजी ती अभिमानाने कळवली गेली, ही गोष्ट त्या काळाविषयी बरेच सांगते.

त्याच पत्रात दुसरी एक नोंद आहे. पकडलेल्या काही मुस्लिम स्त्रियांचे विवाह पोर्तुगीज शिपायांशी लावण्यात आले आणि त्यांना घरे-जमिनी देण्यात आल्या. लग्न करून स्थायिक झालेल्या या पोर्तुगिजांना ‘काझादु’ म्हणत. शहरात जी पहिली पोर्तुगीज घरे उभी राहिली, त्यांतील काहींच्या चुली या स्त्रियांनी पेटवल्या. त्यांची संमती कोणी विचारली नव्हती आणि त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत.

सकाळी सात ते नऊ

रुआ दिरैताच्या भरभराटीच्या काळाची दोन चांगली वर्णने उपलब्ध आहेत. डच तरुण यान हाउखेन व्हान लिन्सखोटन हा आर्चबिशपचा चिटणीस म्हणून १५८३ मध्ये गोव्यास आला व १५८८ पर्यंत राहिला. त्याचा ग्रंथ १५९६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात या बाजाराचे चित्रही आहे. दुसरा फ्रेंच प्रवासी फ्रान्स्वा पिरार. मालदीव बेटांजवळ जहाज फुटून पाच वर्षे तेथे अडकलेला पिरार १६०८ ते १६१० या काळात गोव्यात होता.

पिरारच्या म्हणण्याप्रमाणे हा रस्ता दीड हजार पावलांहून अधिक लांब असून दोन्ही बाजूंना जवाहिरे, सोनार, सराफ व मोठे व्यापारी यांची दुकाने होती. लिन्सखोटन सांगतो, की रविवार व सणाचे दिवस वगळता रोज सकाळी सातपासून नऊपर्यंत येथे बाजार भरे. उन्हे तापली की तो उठे. त्याने या बाजाराची तुलना अँटवर्पच्या व्यापारी सभागृहाशी केली आहे. फरक इतकाच, की येथे उमराव आणि सामान्य लोकही जमत. दवंडी देणारे लोक अंगावर सोन्याच्या साखळ्या, अंगठ्या व दागिने घालून फिरत. ते दागिने विक्रीचे असत. अरबी घोडे, मसाले, सुगंधी द्रव्ये, गालिचे, खंबायत, सिंध व बंगालचा माल, मयत व्यक्तींच्या घरातले सामान, सर्व काही पुकारा करून विकले जाई.

माणसेही विकली जात. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून व इतर ठिकाणांहून आणलेले स्त्री-पुरुष, मुले-म्हातारे घोड्यांप्रमाणे उभे करून त्यांची बोली लावण्यात येई. हे दोन्ही प्रवासी सांगतात. या रस्त्याचे वैभव सांगताना हा भाग गाळला, तर तो इतिहास न राहता जाहिरात होते.

मुस्लिम या बाजारातून पूर्णपणे नाहीसे झाले होते काय? तसे नाही. अरब, इराणी व गुजराती व्यापारी, तसेच हिंदू, ज्यू व आर्मेनियन लोक शहरात वावरत असल्याचे लिन्सखोटन लिहितो. ते खाजगी रीतीने आपला धर्म पाळू शकत. सार्वजनिक रीतीने विधी करण्यास बंदी होती. घोडा हवा होता, घोडेवाल्याची मशीद नको होती. १५६० मध्ये इन्क्विझिशनची स्थापना झाली आणि तिचे कार्यालय आदिलशाही काळातील जुन्या वाड्यात थाटण्यात आले. या न्यायालयाचा जाच मुख्यतः धर्मांतरितांना होता, पण हिंदू व मुस्लिमही त्याच्या कक्षेबाहेर राहिले नाहीत. मधल्या काळात ते काही वर्षे बंद होते. अखेर १८१२ मध्ये ते कायमचे रद्द झाले.

‘लिलाव’ : गल्ली गेली, शब्द राहिला

रुआ दिरैताचे आणखी एक नाव होते. तिला लिलावांचा रस्ता म्हणत. पोर्तुगीज भाषेत जाहीर बोलीच्या विक्रीस ‘लेइलांव’ म्हणतात. मराठीतील ‘लिलाव’ हा शब्द तेथूनच आला. आज बँकेची नोटीस असो वा मासळीचा धक्का, हा शब्द वापरल्याशिवाय मराठी माणसाचे चालत नाही.

पण शब्दाचा प्रवास एवढ्यावर संपत नाही. खुद्द पोर्तुगीज ‘लेइलांव’ हा शब्द अरबीतून आला आहे. जाहीर करणे, कळवणे या अर्थाच्या अरबी शब्दाशी कोशकार त्याचे नाते जोडतात. इबेरियात मुस्लिम सत्ता कित्येक शतके होती, त्या काळात असे शेकडो शब्द पोर्तुगीज भाषेत मिसळले. गोव्याच्या धक्क्यावरील जकातघराचे नाव ‘अल्फांदेगा’ हेही अरबी ‘फुंदुक’ म्हणजे उतारपेठ, सराई यावरून आलेले आहे. ज्या मुस्लिमांना लिस्बनमधून आणि गोव्यामधून घालवण्यात आले, त्यांचेच शब्द उच्चारून रोज सकाळी हा बाजार भरत होता.

व्यक्तिनामांचेही असेच झाले. ‘आदिलखान’ याचे पोर्तुगीज रूप ‘इदालकांव’ झाले. पणजीच्या जुन्या सचिवालयाची इमारत त्यामुळे इदालकांवचा वाडा म्हणून ओळखली जाते. पगार, चावी, बादली, तुरुंग हे मराठीतले शब्दही पोर्तुगिजांकडून आले.

रस्ता ओसाड का पडला

रुआ दिरैताच्या ऱ्हासाची कारणे अनेक आहेत. लिन्सखोटनच्या लेखनातील सागरी मार्गांची माहिती डचांच्या कामी आली, आणि डचांनीच पुढे गोव्याची नाकेबंदी केली. ज्या लेखणीने ही पेठ युरोपला दाखवली, तिनेच तिच्या प्रतिस्पर्ध्यांना वाट दाखवली. १६२२ मध्ये होर्मुझ गेले आणि घोड्यांच्या व्यापाराचा आधार तुटला; १६४१ मध्ये मलाक्का व १६६३ मध्ये कोची गेली. शहरातील विहिरींचे पाणी दूषित होते व साथीचे रोग वारंवार येत. १६९५ मध्ये व्हाइसरॉयने नदीकाठचा वाडा सोडला. १७५९ मध्ये त्याचे निवासस्थान पणजीस गेले व १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. दरम्यान पोंबालच्या काळात जुने शहर पुन्हा वसवण्याचा प्रयत्न झाला, तो फसला. १८३५ मध्ये धार्मिक संघ बंद करण्यात आल्यावर मठही रिकामे झाले. ओसाड घरांचे दगड पणजीच्या बांधकामास नेण्यात आले.

व्हाइसरॉयची कमान वास्को द गामाचा पणतू फ्रान्सिस्को द गामा याने, १५९७ ते १६०० या आपल्या व्हाइसरॉयपदाच्या कारकिर्दीत उभारली. ती १९४८ मध्ये कोसळली व १९५४ मध्ये पुन्हा बांधण्यात आली. म्हणजे आज जी ‘प्राचीन’ कमान दाखवली जाते तिचे बांधकाम बऱ्याच अंशी विसाव्या शतकाचे आहे. तिच्यावर तलवारधारी स्त्रीच्या पायाखाली एक पौर्वात्य वेशातला पुरुष दाखवला आहे. जुन्या गोव्यातील चर्च व मठ यांचा १९८६ मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्या यादीच्या नावात चर्च व मठ आहेत. बाजार, घरे व आदिलशाही शहर यांचा उल्लेख नाही.

नदीपलीकडे : डिचोली आणि पेडणे

जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरीबोटीने दिवाडी बेटावर जाता येते आणि दिवाडीहून पुन्हा फेरीबोटीने नार्वे गाठता येते. नार्वे हे गाव डिचोली तालुक्यात आहे. दोन फेऱ्यांच्या या प्रवासात इतिहासाची दिशा बदलते.

दिवाडी बेटावर सप्तकोटेश्वराचे मंदिर होते. बहमनी आक्रमणात चौदाव्या शतकात ते उद्ध्वस्त झाले, विजयनगरच्या काळात पुन्हा उभे राहिले आणि पोर्तुगीज अंमलात पुन्हा पाडले गेले. देव नदीपलीकडे नार्वे येथे हलवण्यात आला. तेथील मंदिराचा जीर्णोद्धार छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेने १६६८ मध्ये सुरू झाला. मुस्लिम सत्ताधीशांनी केलेला विध्वंस आणि मुस्लिमांवर झालेला अत्याचार या दोन्ही गोष्टी एकाच नदीच्या काठी घडल्या आहेत. शिक्षकाने एक सांगावी व दुसरी वगळावी असे होता कामा नये.

डिचोलीतच नमाजगाह आहे. औरंगजेबाचा मुलगा शहजादा अकबर याने १६८१ मध्ये बापाविरुद्ध बंड केले व तो संभाजी महाराजांच्या आश्रयास आला. १६८३ च्या सुमारास त्याचा मुक्काम डिचोली भागात होता, आणि नमाजगाहची वास्तू परंपरेने त्याच्याशी जोडली जाते. ती राज्याच्या संरक्षित स्मारकांत गणली जाते. फोंड्याची साफा मशीद अली आदिलशहाच्या काळात, १५६० मध्ये बांधली गेली. जुन्या गोव्यात इन्क्विझिशन आले त्याच वर्षी शेजारच्या आदिलशाही मुलखात ही मशीद उभी राहिली.

अशी स्मारके डिचोली-फोंड्यात टिकली आणि तिसवाडी, बार्देस, सासष्टीत टिकली नाहीत, याचे कारण राजकीय आहे. तिसवाडी १५१० मध्ये व बार्देस-सासष्टी १५४३ मध्ये पोर्तुगिजांकडे गेली. डिचोली १७८१ मध्ये, सत्तरी १७८२ मध्ये आणि पेडणे १७८८ मध्ये त्यांच्या राज्यात आले. तोपर्यंत युरोपातील विचार बदलले होते आणि पोर्तुगिजांचे बळ घटले होते. या ‘नव्या काबिजादीं’त स्थानिक धर्म व चालीरीतींना हात न लावण्याचे धोरण त्यांनी स्वीकारले. अडीचशे वर्षांच्या या अंतरामुळे गोव्याच्या दोन भागांची धार्मिक व भाषिक घडण वेगळी झाली.

पेडण्याकडील एक नाव तर उलट दिशेने लिस्बनला गेले. पेडणे तालुक्यातील हळर्णचा किल्ला १७४६ मध्ये व्हाइसरॉयने जिंकला आणि त्या विजयावरून त्यास ‘मार्केझ द आलोर्ना’ ही पदवी मिळाली. शापोरा नदीकाठच्या एका खेड्याचे नाव पोर्तुगालच्या सरदारघराण्याचे नाव झाले.

अध्यापनाच्या दृष्टीने

या विषयावर वर्गात पुढील कामे सहज करता येतील. एक, विद्यार्थ्यांनी घरात व बाजारात वापरल्या जाणाऱ्या अरबी, फारसी व पोर्तुगीज शब्दांची यादी करावी आणि प्रत्येक शब्द कोणत्या व्यवहारातून आला असावा याची चर्चा करावी. दोन, आपल्या गावातील गल्ली, वाडा, मोहल्ला यांची जुनी व नवी नावे वडीलधाऱ्यांना विचारून नकाशावर मांडावीत. तीन, पर्यटन शाखेच्या विद्यार्थ्यांनी रुआ दिरैतावर दहा मिनिटांचे निवेदन तयार करावे. त्यात आदिलशाही द्वार, १५१० ची कत्तल, गुलामांचा लिलाव आणि दिवाडीचे पाडलेले मंदिर या चारही गोष्टी आल्या पाहिजेत, अशी अट असावी.

असे निवेदन करताना एक पथ्य पाळावे लागेल. सोळाव्या शतकातील शिपायाच्या कृत्याचा जाब आजच्या ख्रिस्ती शेजाऱ्याला विचारता येत नाही, आणि बहमनी सरदाराच्या कृत्याचा जाब आजच्या मुस्लिम विद्यार्थ्याला विचारता येत नाही. पुरावा स्पष्ट सांगावा व दोष त्या काळच्या कर्त्यांपाशीच ठेवावा.

समारोप

रुआ दिरैतावर आज दुकाने नाहीत, दवंडीवाले नाहीत. आदिलशाही शहराचे एक दार, पुन्हा बांधलेली एक कमान, नदीपलीकडे गेलेला एक देव आणि मराठीत मिसळलेला एक अरबी-पोर्तुगीज शब्द एवढे शिल्लक आहे. ही शिल्लक एकत्र मांडली असता गोव्यातील कोणताही एक समाज या भूमीत उपरा ठरत नाही आणि कोणताही एक समाज संपूर्ण निर्दोषही ठरत नाही. डिचोली-पेडण्याच्या विद्यार्थ्याला ही गोष्ट पुराव्यानिशी समजली, तर पाहुण्याला तो रस्ता दाखवताना त्याला १५१० च्या आधीचे आणि नदीच्या पलीकडचेही काही सांगता येईल.